थंडी आणि वळवाच्या मधल्या चार महिन्यांत भोपळा: कोल्हापूरच्या रानासाठी पायरीवार मार्गदर्शन

आळी करायची, पाटीभर शेण टाकायचं, तीन-चार बिया टोकायच्या आणि पाणी सोडायचं. भोपळ्याची ही लावण जूनमध्ये बिनघोर चालते. जानेवारीत राधानगरी, भुदरगड, आजरा, शाहूवाडीच्या खोलगट रानात तीच लावण फसते. बी पंधरा-पंधरा दिवस मातीत पडून राहतं, निम्मं कुजतं, उरलेलं मागंपुढं उगवतं. मग वेल उशिरा धरतो आणि मे महिन्यात वळवाचा पहिला तडाखा बसतो तेव्हा फळं अजून हिरवीच असतात.

थंडीनं वेल सहसा मरत नाही, पण त्याचे दिवस खाल्ले जातात आणि पुढं पाऊस वाट बघायला तयार नसतो. त्यामुळे खालच्या सगळ्या पायऱ्या दोनच गोष्टींसाठी आहेत: सुरुवातीला उब देऊन दिवस वाचवायचे आणि शेवटी वाचलेले दिवस वाया घालवायचे नाहीत. क्रम बदलू नका. चुका बहुतेक क्रमाच्याच असतात.

१. तारखा मागून मोजा

बर्फाच्या मुलखातले लोक शेवटची हिमकडाक्याची रात्र धरून पुढं मोजतात. आपल्याकडे पाऊस धरून मागं मोजायचं.

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून सगळ्या जिल्ह्याला एक तारीख चालत नाही. घाटाकडच्या तालुक्यांत पक्व फळ १५ मेपर्यंत घरात आलं पाहिजे, पूर्वेकडे २५ मेपर्यंत.

आता उलटं मोजा. फळ धरल्यापासून पक्व व्हायला साधारण ५० दिवस, म्हणजे मादी फुलं मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फळली पाहिजेत. लावणीनंतर मादी फुलं यायला ४० ते ५० दिवस, म्हणजे रोप २५ जानेवारीच्या आसपास रानात हवं. रोप तयार व्हायला १५ दिवस आणि बी मोडवायला तीन. बी भिजत घालायची तारीख येते ५ ते ८ जानेवारी.

पूर्वेकडच्यांना आठवडाभर सवड आहे. ती सवड खर्च करण्यापेक्षा हातात ठेवलेली बरी.

इशारा: भात लवकर निघालं म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उघड्या रानात लावण करू नका. रोप जगतं, पण दोन पानांवर महिनाभर बसून राहतं. असं थबकलेलं रोप नंतर उब मिळाली तरी ताज्या रोपाइतकं जोमानं पळत नाही.

२. वाण निवडताना वजनाआधी दिवस बघा

दुकानात पाकिटावरचं फळ बघून बी घेतलं जातं. पाकिटाची मागची बाजू वाचा. तिथले दिवस उबदार हवामानाचे असतात, आपल्या जानेवारीसाठी त्यात दहा-बारा दिवस मिळवा. बेरीज १२५ च्या वर गेली तर ते बी पावसाळी लावणीला ठेवा.

बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का सूर्यमुखी हा वाण या मुदतीत बसतो. फळ किलोभराचं, चपटं-गोल, नारिंगी सालीवर पांढरट पट्टे, साधारण १०० दिवसांचा. त्याच संस्थेचा अर्का चंदन दोन ते तीन किलोचं फळ देतो, पण त्याला १२० दिवसांच्या आसपास लागतात. बेरीज १२५ च्या वर जाते, म्हणून घाटाकडे तो लावायचाच तर रोप वेळेवर आणि क्रॉप कव्हर (रोपांवर ओढायचं पातळ पांढरं कापड) घालूनच लावा. आठ-दहा किलोचं देशी डांगर या चार महिन्यांत नको.

झुकिनीचं गणित वेगळं. ती झुडपासारखी वाढते, कोवळीच काढायची असते आणि बी टाकल्यापासून ४५ ते ५० दिवसांत तोडा सुरू होतो. पुसा अलंकार हा त्यातला जुना संकरित वाण. फेब्रुवारीत लावली तरी चालते. तिला पावसाची भीती नाही, भीती एप्रिलच्या उन्हाची.

३. रान: भात निघाल्यापासून लावणीपर्यंत

भातखाचराची माती चिखलणीनं दाबलेली असते. वरची वीतभर माती भुसभुशीत दिसली तरी खाली कडक थर असतो आणि भोपळ्याचं मूळ त्यावर आपटून आडवं पसरतं. भात निघाल्यावर रान वाफशावर आलं (ना चिखल, ना कोरडं) की खोल नांगरट करा आणि ढेकळं तीन-चार आठवडे तापू द्या. ओल्यात नांगर घातला तर विटा निघतील.

खोलगट ताल (उतारावरच्या रानाचा बांध घातलेला तुकडा) टाळा. रात्री थंड हवा उतारावरून खाली येऊन तिथंच साचते. एकाच शिवारात वरच्या तालीत आणि ओढ्याकाठच्या तालीत पहाटेच्या थंडीचा फरक अंगाला जाणवतो, रोपाला तर जाणवतोच. सकाळचं ऊन लवकर येणारी, पूर्वेला मोकळी असलेली ताल निवडा. पश्चिमेला उसाचा फड असला तर वाऱ्याला आडोसा होतो, पूर्वेला असला तर दहा वाजेपर्यंत सावली पडते.

दोन ओळींत अडीच मीटर आणि दोन वेलांत एक मीटर अंतर ठेवा. एका गुंठ्यात ४० आळी बसतात. झुकिनीला एक मीटर बाय पाऊण मीटर पुरे. ओळ जमिनीपासून वीतभर उंच करा. उंच गादीवाफा लवकर तापतो आणि जास्तीचं पाणी धरून ठेवत नाही.

प्रत्येक आळं दीड फूट लांब-रुंद आणि एक फूट खोल. भरताना:

- चांगलं कुजलेलं शेणखत ५ किलो
- सिंगल सुपर फॉस्फेट ७५ ते ८० ग्रॅम
- म्युरेट ऑफ पोटॅश २० ग्रॅम
- युरिया २५ ग्रॅम

हा हिशोब हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश धरून केला आहे. त्यात सगळं स्फुरद-पालाश आणि निम्मं नत्र आलं. माती परीक्षणाचा कागद हातात असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा. घाटाकडच्या तांबड्या जांभ्या मातीत सामू (पीएच) ६ च्या खाली असेल तर अहवालात सांगितलेला चुना लावणीच्या किमान तीन आठवडे आधी मिसळा. चुना आणि युरिया एकाच दिवशी घालू नका, नत्र वाफेवाटे उडून जातं.

इशारा: शेणखताऐवजी साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला चोथा) वापरणारे पुष्कळ आहेत. वापरा, पण कुजलेला. मूठभर हातात घ्या. कोमट लागला किंवा आंबूस वास आला तर तो अजून तयार नाही. ताजा प्रेसमड आळ्यात तापतो आणि कोवळं मूळ भाजतो.

आळी भरून झाल्यावर हलकं पाणी द्या आणि दहा-बारा दिवस तशीच सोडा.

मल्चिंग पेपर अंथरायचा तर याच वेळी. इथं एक चूक सर्रास होते. चंदेरी-काळ्या पेपरची चंदेरी बाजू वर ठेवायची सवय असते, कारण ती मावा-पांढरी माशी बिचकवते. ते बरोबर आहे, पण चंदेरी बाजू ऊन परतवते आणि माती थंड राहते. थंड, खोलगट रानात काळी बाजू वर करा. पूर्वेकडच्या काळ्या, उघड्या रानात व्हायरसचा त्रास जास्त असेल तर चंदेरी वर ठेवलेली परवडते.

उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून जानेवारीतच आळ्याभोवती पसरलं जातं. तेही नको. पाचटानं ओल टिकते, पण उन्हाची उब मातीत उतरत नाही. पाचट मार्चमध्ये घाला, तेव्हा त्याची खरी गरज असते.

४. बी मोडवणं

भोपळ्याचं बी १५ अंशांच्या खालच्या ओल्या मातीत रुजण्याऐवजी कुजतं. २५ ते ३० अंशांत तेच बी तीन-चार दिवसांत वर येतं. एवढी उब जानेवारीच्या रानात नाही, घरात आहे.

१. गुंठ्याला ४० रोपं हवीत, तर ५० बिया घ्या. पोचट, वाकड्या बिया आधीच बाजूला काढा.

२. कोमट पाण्यात चार ते सहा तास भिजवा. रात्रभर भिजवू नका. जाड सालीच्या बीला हवाही लागते, बारा तास पाण्यात बुडालेलं बी गुदमरतं.

३. पाणी निथळून बिया सुती फडक्यात सैल बांधा. मटकीला मोड आणतो त्यातलाच प्रकार, फक्त फडकं पिळून ओलसर ठेवायचं, ठिबकतं नको.

४. पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून उबेला ठेवा. फ्रिजची मागची वरची बाजू चालते. गोठा असेल तर पुरचुंडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धवट कुजलेल्या शेणखताच्या ढिगात हातभर आत ठेवा, ही जुनी रीत आजही चोख आहे. चुलीच्या वैलावर ठेवू नका, तिथं बी शिजतं.

५. दिवसातून एकदा उघडून हवा द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाकडून पांढरा मोड फुटतो. मोड अर्धा सेंटिमीटर झाला की लगेच ट्रेमध्ये. दोन सेंटिमीटर झाला तर हात लावताच मोडतो.

तपासा: तिसऱ्या दिवसाअखेर दहांतल्या सात बियांनाही मोड नसतील तर बी जुनं आहे. उब वाढवून उपयोग नाही. त्याच दिवशी नवं बी भिजत घाला, आठवडाभर वाट बघत बसू नका.

५. ट्रेमधले पंधरा दिवस

मिरची-टोमॅटोचा ९८ कप्प्यांचा ट्रे भोपळ्याला अपुरा पडतो. ५० कप्प्यांचा ट्रे घ्या किंवा चार बाय सहा इंचाच्या पिशव्या. बुडाला भोकं हवीतच. भरायला कोकोपीट तीन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग आणि या मिश्रणाच्या दहा किलोमागे ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी). रानातली नुसती माती भरली तर ती ओली झाल्यावर आवळते आणि लावताना ढेपूळ फुटतं.

मोड खाली करून, दोन सेंटिमीटर खोल ठेवा. बी वरवर टाकलं तर टरफल मातीत सुटत नाही, पानांवर टोपीसारखं अडकतं आणि रोप वाकडं होतं.

ट्रे एकमेकांवर रचून प्लास्टिकनं झाका. पहिला कोंब दिसला त्या सकाळीच झाकण काढून ट्रे उन्हात पसरा. एक दिवस उशीर केला तरी रोपं लांबडी, पांढरट होतात आणि लावल्यावर मानेत मोडतात. पुढं रोज दिवसा पूर्ण ऊन, संध्याकाळी पाचनंतर आडोशाला किंवा कापडाखाली.

पाणी सकाळी दहानंतर, तेही टाकीतलं सूर्यतापलं. विहिरीचं ताजं पाणी एक वेळ चालेल, रात्रभर उघड्या टाकीत गारठलेलं पहाटेचं पाणी नको. ट्रे उचलून वजनावरून अंदाज घ्या. हलका लागला तरच पाणी. खोड मातीलगत बारीक होऊन रोप आडवं पडत असेल तर ती मर आहे, आणि तिचं कारण जवळजवळ नेहमी संध्याकाळचं पाणी असतं.

बाराव्या दिवसापासून रात्रीही बाहेर ठेवून रोपं कणखर करा. तीन रात्री पुरेत.

६. लावण

रोप तयार आहे हे वयावरून नाही, पानांवरून ठरवा: दोन जाड बीजपानं आणि वर दोन खरी पानं. चौथं पान आलं, मुळं कप्प्यात गोल फिरायला लागली, की उशीर झाला. भोपळवर्गाला मुळं दुखावलेली खपत नाहीत. मिरचीचं रोप आठवडाभरात सावरतं, हे पंधरवडा घेतं. म्हणजे कमावलेले सगळे दिवस तिथंच गेले.

तपासा: लावणीच्या आधी लागोपाठ तीन सकाळी आठ वाजता आळ्यात चार बोटं खोल थर्मामीटर खुपसा. १८ अंश किंवा वर असेल तर लावा. १५ ते १८ असेल तर क्रॉप कव्हर हाताशी असेल तरच. त्याखाली थांबा.

लावण दुपारी तीननंतर करा. आळ्यात आधी पाणी, मग खड्डा, मग ढेपळासकट रोप. बीजपानांच्या खाली दोन बोटं खोड उघडं राहू द्या. मातीनं गच्च दाबू नका, भोवती पाणी घातलं की माती आपोआप बसते. दहा टक्के रोपं ट्रेमध्ये मागं ठेवा आणि आठ दिवसांत तूट भरून काढा. त्यानंतर भरलेलं रोप मागंच राहतं.

शहरात गच्चीवर करणाऱ्यांनी एका ड्रमात एकच वेल लावावा, ४० ते ५० लिटर मातीचा. बारक्या कुंडीत वेल वाढतो, फुलतोही, फळ मात्र लिंबाएवढं होऊन गळतं. गच्चीला झुकिनीच सोयीची.

७. क्रॉप कव्हर घालणं, आणि मुख्य म्हणजे काढणं

कलिंगडवाले वापरतात ते १७ जीएसएमचं (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं) न विणलेलं पांढरं कापड इथंही चालतं. दर दीड-दोन मीटरवर तारेची किंवा बांबूच्या कामट्यांची कमान, मधोमध दीड-दोन फूट उंच. लावण झाल्या संध्याकाळीच कापड ओढा आणि दोन्ही कडा मातीत गाडा. फट राहिली तर वारा कापड नेतो आणि लाल भुंगा आत शिरतो. बाहेरून आलेल्या भुंग्यापेक्षा आत अडकलेला भुंगा जास्त नासाडी करतो.

साधं प्लास्टिक वापरत असाल तर सकाळी नऊला दोन्ही तोंडं उघडा, चारला बंद करा. विसरलात तर दुपारी आत भट्टी होते.

साधारण २५ ते ३० दिवसांनी वेल कापडाला टेकतात. पहिली मादी कळी दिसली की कापड पूर्ण काढा. अजून पहाट गार आहे म्हणून ते आठ-दहा दिवस जास्त ठेवलं जातं आणि मग फळ का धरत नाही म्हणून संजीवकांच्या बाटल्या आणल्या जातात. आत मधमाशीच जात नाही, तर फळ धरणार कसं?

८. पाणी आणि वरखत

जानेवारी-फेब्रुवारीत भातखाचरात ओल आधीच असते. आळ्यातली वीतभर खोलची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटानं ढकलल्यावर फुटला तर आज पाणी नको. फुटला नाही तर दोन दिवस तरी नको. गोळाच होत नसेल तर पाणी द्या.

मोटरची लाईट रात्रपाळीची असेल तर पाणी टाकीत चढवा आणि सकाळी दहानंतर ठिबकनं सोडा. रात्री आळी भरली की पहाटेपर्यंत माती गारठते, पानांवर दव असतंच, आणि केवडा या पानांवरच्या बुरशी रोगाला आयतं निमंत्रण मिळतं. स्प्रिंकलर तर या पिकाला नकोच. मार्चपासून मात्र हात सैल सोडा: फळ फुगत असताना एक दिवसाआड पाणी लागू शकतं.

उरलेला युरिया दोन हप्त्यांत, आळ्यामागे प्रत्येक वेळी १३-१४ ग्रॅम. पहिला लावणीनंतर २५ दिवसांनी, दुसरा फळ मुठीएवढं झाल्यावर. खोडापासून वीतभर लांब, गोलाकार. रोप थंडीनं थबकलेलं असताना युरिया वाढवू नका. गार मातीत मूळच काम करत नसतं, खत तसंच पडून राहतं. मग उब आली की ते एकदम लागू पडतं: पानं सुपाएवढी, वेल बांधावर आणि फळ एकही नाही.

९. फुलं: सगळ्यात जास्त घोटाळा इथं

आधी फक्त नर फुलं येतात, आठ-दहा दिवस. ती रोज उमलतात आणि गळतात. यात रोग नाही, कमतरता नाही, औषध नाही. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक, मादी फुलाच्या बुडाशी गोटीएवढं भोपळं असतं. नर फुलांतली निम्मी भज्यांना नेली तरी चालतात, निम्मी वेलावर ठेवा.

फूल पहाटे उमलतं आणि दहा-अकराला मिटतं, ते कायमचंच. थंड सकाळी मधमाश्या उशिरा बाहेर पडतात. म्हणजे फुलाच्या चार-पाच तासांपैकी माशीला दीड-दोनच मिळतात. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात म्हणूनच हातानं परागीकरण करावं. गुंठ्याला अर्धा तास लागतो.

१. आदल्या संध्याकाळी फिरून टोकाला पिवळसर झालेल्या मादी कळ्या हेरा आणि शेजारी काटकी रोवा. त्या उद्या उमलणार.

२. सकाळी सात ते नऊ. फुलात दव साचलं असेल तर ते सुकेपर्यंत थांबा, ओला पराग चिकटत नाही.

३. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागं सोलून काढा. मधल्या पिवळ्या दांड्याला बोट लावून बघा. बोटाला हळदीसारखी पूड लागली तरच ते कामाचं.

४. मादी फुलाच्या मध्यभागी जाड, विभागलेला गोंडा असतो. त्याच्या सगळ्या पाळ्यांवर दांडा हलकेच फिरवा. एकाच बाजूला पराग लागला तर फळ एका अंगानं फुगतं. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं.

५. देठाला दोरा बांधून तारखेची चिठ्ठी लावा. काढणीच्या वेळी ही चिठ्ठी सालीच्या रंगापेक्षा खरं बोलते.

झुकिनीचं नर फूल भोपळ्याला लावून भागत नाही, जातीला जातच हवी.

तपासा: तीन-चार दिवसांत बारकं भोपळं पिवळं पडून टोकाकडून सुकत आलं तर परागीकरण झालेलं नाही. आठवड्यात ते लिंबाचं पेरू झालं तर धरलं.

फुलोऱ्यात सकाळी कुठलंही कीटकनाशक मारू नका. मारायचंच तर सूर्य मावळताना, फुलं मिटलेली असताना. बांधावर चार-दोन सऱ्या मोहरी किंवा कोथिंबीर फुलायला सोडली तर माश्यांची ये-जा राहते.

१०. फळं मोजून ठेवा

किलोभराच्या वाणाला वेलामागे चार, दोन-तीन किलोच्या वाणाला दोन, फार तर तीन. एवढी फळं धरली की शेवटच्या फळापुढं तीन-चार पानं ठेवून शेंडा खुडा. हिरवागार शेंडा खुडायला हात धजत नाही, पण या हंगामात वाढणारा शेंडा फळाच्या तोंडचा घास खातो.

घाटाकडे २५ मार्चनंतर धरलेलं फळ पक्व होणार नाही, हे आधीच मान्य करा. ते कोवळंच भाजीला काढा. पूर्वेकडे ही तारीख ५ एप्रिल.

फळाखाली आता पाचटाची चुंबळ ठेवा. वरून पान बाजूला झालं असेल तर फळावरही मूठभर पाचट टाका, एप्रिलच्या उन्हानं साल भाजून पांढरी होते आणि तिथूनच पुढं सड लागते. रंग सगळीकडून यावा म्हणून फळ फिरवत बसू नका, देठ पिरगळतो.

११. रोग-कीड: काय खरं, काय भास

भुरी, म्हणजे पानावर पिठासारखी पसरणारी बुरशी, ओळखण्यात गफलत होते. बऱ्याच भोपळ्यांच्या आणि झुकिनीच्या पानांवर शिरांच्या बेचक्यात जन्मतःच चंदेरी ठिपके असतात. बोटानं घासा. पुसले गेले आणि बोटाला पीठ लागलं तर भुरी, नाही तर तो पानाचा स्वभाव. या ठिपक्यांवर गंधकाचे तीन-तीन फवारे वाया जातात.

खरी भुरी आली तर जुनी, जमिनीलगतची पानं काढून रानाबाहेर न्या आणि पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम फवारा. आधी चार पानांवर मारून दोन दिवस बघा, काही वाण गंधकानं करपतात. दुपारी ३२ अंशांच्या वर ऊन असताना तर मुळीच नको.

लाल भुंगा बीजपानांची चाळण करतो. कव्हर नीट गाडलं असेल तर तो प्रश्नच उरत नाही. कव्हर नसेल तर सकाळी सातच्या आत, भुंगे गारठलेले असताना हातानं वेचा. ऊन चढल्यावर ते उडतात.

फळमाशी मार्चपासून. क्यू ल्यूरचे (नर माशीला वासानं ओढणारे) सापळे एकरी पाच-सहा, पहिली मादी कळी दिसतानाच लावा. डंख बसलेलं फळ, थेंबभर डिंक आलेलं, तोडून दोन फूट खोल पुरा. बांधावर फेकलं तर पुढची पिढी तिथूनच येते.

पानं आखडून पिवळी-हिरवी चट्टेदार झाली तर तो व्हायरस. त्याला औषध नाही. वेल उपटा, त्याच्यासाठी शेजारचे दहा घालवू नका.

१२. काढणी

चिठ्ठीवरची तारीख ४५ दिवसांपुढं गेली की रोज एक फेरी मारा. खुणा अशा: सालीत नख रुतत नाही, फक्त ओरखडा उठतो. चकाकी जाऊन साल निस्तेज होते. जमिनीला टेकलेला डाग पांढरट होता तो पिवळसर होतो. देठ हिरवा-रसरशीत होता तो कोरडा, बुचासारखा होतो. यातल्या किमान तीन दिसल्याशिवाय कापू नका. बोटानं टकटक करून आवाजावरून ठरवणं बेभरवशाचं.

कात्रीनं किंवा विळ्यानं देठ तीन-चार बोटं ठेवून कापा. पिरगळून तोडू नका आणि देठाला धरून उचलू नका. देठ तुटला की तिथं वाटीएवढं उघडं तोंड राहतं. काढणीच्या आधी आठ दिवस पाणी तोडा.

झुकिनी याच्या उलट: वीतभर झाली, २०० ते २५० ग्रॅम भरली की तोडा, एक दिवसाआड. चार दिवस राहिली तर आत बी धरतं आणि झाड नवं फळ धरायचं थांबवतं.

इशारा: भोपळा किंवा झुकिनी चवीला कडू लागली तर तो तुकडा थुंका आणि सगळं फळ टाका. कडूपणा विषारी असतो, शिजवून जात नाही.

१३. वाळवण आणि साठवण

कापलेली फळं धुवू नका. मातीचे डाग कोरड्या फडक्यानं पुसा. दहा-बारा दिवस हवेशीर सावलीत, पाचटावर, एकमेकांना न टेकवता ठेवा. मे महिन्याची उब इथं कामी येते: साल घट्ट होते, किरकोळ ओरखडे भरून येतात. कडक उन्हात ठेवाल तर तीच साल उकडून मऊ पडेल. वळीव येतोय असं दिसलं तर वाळवण शेडमध्ये हलवा, भिजलेलं फळ वेगळं काढा आणि आधी संपवा.

मग माळ्यावर किंवा फळीवर एकाच थरात, देठ वर करून. उघड्या सिमेंटच्या फरशीवर ठेवलं तर बुड घाम धरतं. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी प्रत्येक फळ उचलून बुड बघा. अर्का चंदनसारखं जाड सालीचं फळ दोन-तीन महिने बिनघोर टिकतं. देठ तुटलेलं, डंख बसलेलं, नख रुतणारं फळ या थरात मिसळू नका, एक सडलं की शेजारी लागतं.

मेच्या शेवटी वेलावर राहिलेली अर्धकच्ची फळं पाऊस लागायच्या आत कापून घ्या. ती पक्व होणार नाहीत, पण आठ-दहा दिवस भाजीला चालतात. त्यानंतर वेल उपटून, सडकी फळं वेचून पुरा. मल्चिंग पेपर अखंड उचलून घ्या, कारण पहिला पाऊस पडून रान ओलं झालं की तो तुकड्या-तुकड्यानं निघतो आणि उरलेला भाताच्या चिखलात जातो.